जयसिंगपूरची मैत्रीण

आमच्या शिवाजी पेठेत बायका स्वतःबद्दल बोलताना बापयासारखंच बोलतात. 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी त्येला चांगला झापलो'. माझी आई असंच बोलायची, मीही असंच बोलते. पुण्यात दिलेली माझी चुलत बहीण तिकडं जाऊन 'मी आले, मी गेले' करायला लागली, तेव्हा आम्ही दोन दिवाळ्या तिची नक्कल करून हसलो. शाळेत बाईंनी निबंधातल्या 'गेलो'चं लाल शाईनं 'गेले' करून करून माझं कागदावरचं लिहिणं तेवढं सुधारलं. मोबाइलवर मात्र मी बोलते तसंच टाइप करते, कारण मोबाइलवर लिहिणं म्हणजे बोलणंच. हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे झालं त्यात माझी चूक किती आणि व्याकरणाची किती, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे आणि मला शब्दकोड्यांचं वेड आहे. दीड वर्षापूर्वी मी मोबाइलवरच्या एका शब्दकोड्यांच्या ग्रुपात शिरले. तिथल्या अॅडमिनचा नियम होता की कुणी नाव, आडनाव, फोटो टाकायचा नाही. आडनाव कळलं की आपली माणसं कोडं सोडून पै-पाहुणे जुळवायला बसतात, असं त्याचं म्हणणं. ते खरंच आहे. म्हणून प्रत्येकानं टोपणनाव घेतलेलं. मी झाले 'खोडरबर'. आणि एक जण होतं 'उभे तेरा'. त्याच्या फोटोच्या जागी एक म्हैस होती, कॅमेऱ्याकडं वैतागून बघणारी. माझ्या फोटोच्या जागी आमच्या पेठेतल्या फुटबॉल संघाचा झेंडा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे घरचं कार्य असतं, त्यात बाई-बापय काही नसतं.

आमची ओळख भांडणातून झाली. 'दूध काढण्याचे भांडे, तीन अक्षरी' असं कोड्यात होतं आणि उत्तर छापलं होतं 'चरवी'. उभे तेरा खवळलं. "चरवीत दूध ठेवत्यात. काढत्यात कासंडीत. मी रोज धार काढतो, मला शिकवू नगा." सगळा ग्रुप एका बाजूला आणि उभे तेरा एका बाजूला. मी मध्ये उडी मारली आणि कासंडीच्या बाजूनं लढले. शेवटी अॅडमिननं आम्हा दोघांना एक दिवस गप्प बसवलं, तेव्हा आम्ही बाजूला जाऊन एकमेकांशी बोलायला लागलो ते लागलोच.

रोज धार काढणारं माणूस. तेच माणूस एकदा लिहितं, "आज भाकरी केलो, करपली." एकदा लिहितं, "चकली केलो, सगळी इस्कटली." आणि बाहेर जायचं म्हटलं की, "घरात विचारून सांगतो." मी ओळखलंच, ही बाई. घरात विचारून सांगते म्हणजे नवऱ्याला विचारून सांगते, मीही तसंच लिहायची. जयसिंगपूरजवळ मळ्यात राहते, म्हैस आहे, गुडघे दुखतात, कोड्यात माझ्या तोडीस तोड आहे. आणखी काय पाहिजे? माझी एकुलती एक मैत्रीण मुलाकडं पुण्याला राहायला गेल्यापासून मला 'अगं' म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. उभे तेरा 'अगं' म्हणत नव्हती, 'भावा' म्हणायची. आमच्याकडं पोरीही पोरींना भावा म्हणतात, त्यामुळं तिथंही मला काही खटकलं नाही.

मी तिला सगळं सांगायची. वयोमानानं अंगातून आग निघते, दरदरून घाम फुटतो, हेही सांगितलं. तिचं उत्तर आलं, "बीपी बघून घे. मीठ कमी कर. आमच्या चुलत्याला आसंच व्हत हुतं." मला वाटलं, बिचारी खेड्यातली, लाजते, म्हणून चुलत्याचं नाव पुढं करते.

मग एक दिवस निरोप आला. "म्हैस दिली. गुडघं ऐकंनात. आज घिऊन गेली माणसं. गोठ्यात बसलो आन् रडलो. कुणाला सांगू नगं, हसत्यात."

मी लिहिलं, "रड की भावा. त्यात काय लाजायचं? मी बी रडतो."

मग आलं, "खरं?" मी म्हटलं, "आईशप्पत."

त्यानंतर उभे तेरा कोड्यात दिसेना. रोज पहिलं उत्तर टाकणारं माणूस, महिनाभर गायब. मी खोदून विचारलं की एवढंच यायचं, "गोठ्यात बसलोय." सकाळी विचारलं तरी गोठ्यात, दुपारी विचारलं तरी गोठ्यात. मला चैन पडेना. ऑफिसात मी एका मुलाच्या बोनाफाइडवर 'म्हैस' लिहिता लिहिता राहिले. लोक म्हशीवरून हसतील, आणि ही रिकाम्या गोठ्यात एकटी बसून झुरेल, हे काही मला बघवेना. शेवटी लिहिलं, "रविवारी येतो भेटायला." उत्तर आलं, "ये की. स्टेशनात न्ह्याला येतो. जेवूनच जायाचं." खूण ठरली. दोघांनीही हातात वर्तमानपत्र धरायचं, कोड्याची बाजू वर करून.

आमच्या ह्यांना हे पटलं नाही. मोपेडवरून स्टेशनवर सोडताना ते म्हणाले, "हे समदं फ्रॉड असतंय. बोलवत्यात आन् किडनी काढत्यात."

"त्रेपन्न वर्षांची किडनी काढून काय लोणचं घालणार हायत?"

"मग पोचल्यावर लोकेशन पाठव."

एवढं बोलून ते गेले. बोलायच्या बाबतीत आमचे हे फार काटकसरी.

माझ्या पिशवीत एक खणाचा ब्लाऊजपीस होता, नारळ होता आणि डझनभर हिरव्या बांगड्या. बांगड्यांच्या मापावरून मी दुकानात अर्धा तास घातला होता. धारा काढणारी, म्हणजे हात दणकट असणार, म्हणून दोन-आठ घेतल्या.

मिरजेच्या पॅसेंजरला रविवारी सकाळी गर्दी नसते, पण चौकशी भरपूर असते. समोर एक मावशी बसल्या होत्या, मांडीवर कढीपत्त्याचं रोप घेऊन. वळिवडे स्टेशन यायच्या आत त्यांनी विचारलं, "कुठं निघालासा?"

"जयसिंगपूरला. मैत्रिणीकडं."

"जयसिंगपुरात आमची भाची दिलीया. नाव काय मैत्रिणीचं?"

"नाव ठाऊक न्हाय."

मावशींनी रोप बाजूला ठेवलं. "आडनाव?"

"तेबी न्हाय."

"गल्ली?"

"मळ्यात राहती."

"कुणाच्या मळ्यात?"

"आवो, मोबाइलवरची मैत्रीण हाय. कोडी सोडवतो आम्ही."

डब्यातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. पलीकडच्या बाकावरचे एक टोपीवाले गृहस्थ खिडकीबाहेरचं तोंड आत घेत म्हणाले, "मोबाइलवरची मैत्रीण म्हंजे बापयच निघतोय, वैनी. आमच्या गावात एक पोरगं गेलतं असंच भेटायला. म्होरनं मिशीवाला आला."

मी तापले. म्हटलं, "म्हैस पाळती ती! भाकरी करती!"

हातकणंगल्याला क्रॉसिंगसाठी गाडी थांबली आणि अख्ख्या डब्याला वेळच वेळ मिळाला. मावशींनी सुचवलं की मोबाइलवर लिहिलेलं वाचून दाखवा, आम्ही सांगतो. वास्तविक मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण त्या टोपीवाल्याला गप्प करायची मला खुमखुमी होती. रडण्याबिडण्याचं मी कुणाला दाखवणार नव्हते, तेवढं टाळून मी भाकरीचं वाचलं. "आज भाकरी केलो, करपली."

मावशींनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला. "बाईच हाय. बापय भाकरी करील, पर करपली म्हणून कबूल करायचा न्हाय."

डब्यानं मान डोलावली. टोपीवालेही गप्प झाले. मी विजयी मुद्रेनं खिडकीबाहेर बघत बसले. जयसिंगपूर आल्यावर मावशींनी कढीपत्त्याची चार पानं तोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मैत्रिणीला सांग, जपून ऱ्हा म्हणावं."

प्लॅटफॉर्मवर मी वर्तमानपत्र धरून उभी राहिले. उतरलेल्या बायका एकेक करत निघून गेल्या. कुणी माझ्याकडं बघेना. पलीकडं एक साठीतला गडी उभा होता. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात कसलातरी कागद. तो उतरणाऱ्या प्रत्येक बापयाकडं निरखून बघत होता. एका जाड्या माणसाच्या हातात पेपर दिसला तसा तो धावत गेला, आणि तो माणूस भेळ खातोय हे बघून परत आला. मला त्याची कीव आली. कुणाचातरी पाहुणा चुकलेला दिसतोय, म्हटलं.

गाडी गेली. प्लॅटफॉर्मवर तो आणि मी, आणि एक कुत्रं. मी मोबाइल काढून लिहिलं, "मी आलो. कुठं हायस?"

त्या गड्याच्या खिशात टिंग झालं. त्यानं मोबाइल काढला, चष्मा कपाळावर चढवला, अंगठ्यानं काहीतरी खुडलं. माझ्या हातात टिंग झालं. "मी बी आलो. दिसंनास."

मी त्याच्या हातातल्या मोबाइलकडं बघितलं. तरी एकदा खात्री करावी म्हणून मी नुसतं एक टिंब पाठवलं. त्याच्या हातात टिंग. त्यानं वर बघितलं. मी बघितलं. मग आम्ही दोघांनीही एकमेकांच्या हातातला पेपर बघितला. कोड्याची बाजू वर होती.

"खोडरबर?" तो म्हणाला.

"उभे तेरा?"

त्यानं टोपी काढली, परत घातली आणि दोन्ही हात जोडले. "नमस्कार वैनी."

त्या 'वैनी'नं माझा जीवच गेला. आदल्या रात्रीपर्यंत मी भावा होते. 'ये की, जेवूनच जायाचं' असं हक्कानं म्हणणारं माणूस आता 'या, बसा, सावकाश' करत माझ्यापुढं चार पावलं अंतर ठेवून चालत होतं. त्याच क्षणी मला घाम आणि बीपीचं सगळं आठवलं आणि खरोखरच दरदरून घाम फुटला. ते चुलते खरेच होते म्हणायचे! मी परतीच्या गाडीची चौकशी करणार होते, पण बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली होती आणि घरी मटण शिजत होतं. मटण शिजलेल्या घरातून न जेवता परत फिरणं आमच्या जिल्ह्यात शक्य नाही. मी लोकेशन पाठवून दिलं आणि बसले. ते पुढं रिक्षावाल्याशेजारी बसले.

घरी त्यांच्या बायकोनं दारातच मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं.

"पेठेतला फुटबॉलवाला गडी येणार म्हणालासा न्हवं?"

"ह्याच त्या," ते जमिनीकडं बघत म्हणाले.

काही क्षण काय होईल सांगता येत नव्हतं. मग त्या माउली उंबऱ्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. पदर तोंडात धरून, पाणी येईस्तोवर हसल्या. आत पाटावर माझ्या सत्कारासाठी ठेवलेलं सामान होतं. टॉवेल, टोपी, नारळ आणि पानसुपारी. मी पिशवीतून खण, नारळ आणि बांगड्या काढून त्यांच्या शेजारी ठेवल्या. ते बघून त्या परत बसल्या आणि परत हसल्या. बांगड्या त्यांनी हातात घालून बघितल्या तर कोपरापर्यंत गेल्या. "माप ह्यांच्या हाताचं बरोबर हाय की," त्या म्हणाल्या. मग त्यांनी रीतीप्रमाणं माझी ओटी भरली आणि टॉवेल-टोपीही माझ्याच पिशवीत घातली. "आणलंय तर न्या मालकास्नी."

भाकरीचाही उलगडा झाला. बाईंचा हात मोडून प्लास्टरमध्ये होता तेव्हा दोन महिने उभे तेरांनीच चूल सांभाळली होती. "करपलेल्या खाल्ल्या मी, पर कुणाला बोललो न्हाय," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, तुमी न्हाय बोललासा, ते बोलले.

बाईंशी माझी गट्टी अर्ध्या तासात जमली. ज्यांना भेटायला मी आले होते त्यांच्याशी मात्र काही केल्या जमेना. ते बाहेर सोप्यात बसले, मी आत. मध्येच येऊन म्हणायचे, "वाढा की त्यास्नी. रस्सा वाढा." कोड्याचा विषय काढला तर, "तुमी सोडवता चांगलं." मी मुद्दाम चुकीचा शब्द सांगून भांडण उकरायचा प्रयत्न केला, तर तेही त्यांनी मान्य केलं. कासंडीसाठी ग्रुपाशी लढणारं माणूस! मला रडूच यायचं बाकी राहिलं होतं.

जेवण झाल्यावर बाईंनी मला गोठा दाखवला. झाडून लख्ख केलेला, दावणीला काही नाही. कोपऱ्यात एक प्लास्टिकची खुर्ची.

"इथंच बसत्यात दिवसभर," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "इचारलं तर म्हणत्यात, गार लागतंय इथं. तुमास्नी काय बोललेत का म्हशीचं?"

कुणाला सांगू नकोस, असं मला लिहिलेलं होतं. ते भावाला लिहिलेलं असो की वैनीला.

"न्हाय बा," मी म्हटलं. "आम्ही नुसतं कोड्याचंच बोलायचो."

परतीच्या गाडीला सोडायला ते आले. गाडी पाऊण तास लेट होती. बाकाच्या एका टोकाला ते, एका टोकाला मी, मध्ये माझी पिशवी. बराच वेळ ते टॉवेलचं टोक पिळत बसले होते. मग समोरच्या रुळांकडं बघतच म्हणाले, "एक इचारू?"

"इचारा की."

"तुमी लिवलं हुतं, मी बी रडतो म्हणून."

"व्हय."

"ते म्हंजे... बाई म्हणून लिवलं हुतं."

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "बाईच हाय मी, बाई म्हणूनच लिवणार."

"न्हाय, तसं न्हवं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला वाटलं गडी हाय. पेठेतला, फुटबॉलवाला, चांगला रांगडा गडी. तोबी रडतोय म्हणतोय. आईशप्पत म्हणतोय. म्हटलं, मग आपलं काय चुकलं? गेला महिना त्या एका वळीवर काढला मी. रोज काढून वाचायचो." त्यांनी गुडघ्यावरची टोपी फिरवली. "बायका रडत्यातच. तुमचं काय वाईट न्हाय त्यात. पर म्हंजे रडणारा गडी परत मी एकटाच की."

दिवसभर मी रुसून बसले होते की माझी मैत्रीण गेली. या माणसाचं काय गेलं होतं ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

सिग्नल पडला. लोक उठून उभे राहिले. मी पिशवी उचलली आणि बत्तीस वर्षांच्या संसारात कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्या प्लॅटफॉर्मवर सांगून टाकली.

"आमच्या घरात एक हाय."

"काय हाय?"

"रडणारा गडी. त्यांची जुनी स्कूटर भंगारात गेली त्या दिवशी बाथरूमचा नळ सोडून रडत हुतं. बादली भरून पाणी दाराबाहेर आलं तरी बंद केला न्हाय. पोरीचं लग्न झालं तवाबी तसंच. त्यास्नी वाटतंय मला ठाव न्हाय. मी फडक्यानं पाणी पुसलो आन् गप बसलो."

ते माझ्याकडं वळून बघायला लागले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"खरं?"

"आईशप्पत."

गाडी आली. मी चढले. दारात उभी होते तर ते दारापर्यंत चालत आले आणि म्हणाले, "त्यांचा नंबर द्या की."

मी दिला. घरी आल्यावर ह्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडं आणि मग कमरेकडं बघितलं, किडनी जागेवर आहे का म्हणून. मी सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. मैत्रीण बापय निघाली यावर ते एवढंच म्हणाले, "मी म्हणालो हुतो, फ्रॉड असतोय."

दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरहून ह्यांना फोन आला, टोपी मापात बसली का विचारायला. टोपीवर दोन माणसं वीस मिनिटं काय बोलतात, मला कळलं नाही. मग तो फोन आठवड्यातून दोनदा यायला लागला. उभे तेरा आता कोड्यात परत आलेत, पहिलं उत्तर त्यांचंच असतं. मला मात्र 'ताई, बरोबर हाय का बघा' असं लिहितात. भावा म्हणत नाहीत. मला अजून त्याचा राग येतो, सांगून ठेवते.

परवा संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला मी गच्चीवर निघाले. हे टाकीला टेकून पाठमोरे उभे होते, कानाला मोबाइल. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही पहिल्यांदा, इतका हळू होता.

"व्हय," ते म्हणत होते. "व्हय. माझंबी तसंच हाय."

मी जिन्यातूनच परत फिरले.